ब्लूफिल्डची टीम ब्लूफिल्डची होती कधी?

२०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या क्लबांच्या सर्वोच्च लीगने, आपल्याशी जोडलेल्या १६० मायनर लीग टीम्स (छोट्या गावांतल्या, मोठ्या क्लबांचे नवे खेळाडू जिथे तयार होतात त्या) १२० वर आणल्या, म्हणजे चाळीसेक गावांची टीम एका फटक्यात गेली, आणि तेव्हापासून अमेरिकेत हा विषय निघाला की ठरलेली दोन भाषणं ऐकायला मिळतात. एक गट रडतो, की बघा, मोठ्या पैशेवाल्यांनी छोट्या गावाचा खेळ मारला, आजोबांसोबत खाल्लेले हॉटडॉग आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी वगैरे. दुसरा गट हातात एक्सेल शीट घेऊन उभा, की बाबांनो ज्या मॅचला हजार माणूस येत नाही ती बंद झाली तर एवढं काय आभाळ कोसळलं. मला दोन्ही पटत नाहीत. दोघंही धरून चालतात की ती टीम गावाची होती, फरक एवढाच की एकाला ती गेल्याचं दुःख आहे आणि दुसऱ्याला नाही. माझं म्हणणं असं आहे की टीम गावाची गेली २०२० च्या खूप आधी, आणि मालकी कोणाची हा प्रश्न न विचारता या कपातीवर कितीही भांडलं तरी ते वांझोटंच राहणार.

उदाहरण म्हणून ॲपलाचियन लीग घेऊ, कारण या सगळ्या प्रकरणात सगळ्यात स्वच्छ दिसतं ते तिथेच. टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या डोंगराळ पट्ट्यातली छोटी छोटी गावं. ब्लूफिल्ड, प्रिन्स्टन, पुलास्की, ब्रिस्टल, एलिझाबेथटन, किंग्सपोर्ट, जॉन्सन सिटी. यातली काही तर दहा हजार वस्तीच्या आतबाहेरची. लीग पहिल्यांदा सुरू झाली १९११ ला, १९१४ ला बंद पडली, १९२१ ला परत आली, १९२५ ला परत बंद, मग १९३७ ते १९५५, मग १९५६ ची एक सुट्टी आणि १९५७ पासून सलग. म्हणजे जे लोक म्हणतात की शंभर वर्षांची अखंड परंपरा तोडली, त्यांनी जरा इतिहास वाचावा. ही लीग आधी तीनदा मेली आहे आणि तिन्ही वेळा मारायला मेजर लीगच्या न्यूयॉर्कमधल्या ऑफिसातून कोणी आलं नव्हतं.

पण त्या जुन्या टीम्सची नावं बघा. न्यूपोर्ट कॅनर्स, कारण न्यूपोर्टमध्ये डबाबंद भाज्यांचा धंदा होता. वेल्च मायनर्स, कारण वेल्च म्हणजे कोळशाच्या खाणी. ब्लूफिल्ड ब्लू-ग्रेज, कारण हे गाव दोन राज्यांच्या बरोब्बर सीमेवर आहे आणि यादवी युद्धात एका बाजूचा गणवेश निळा, दुसऱ्या बाजूचा करडा. (अजून गंमत म्हणजे ब्लूफिल्डचं नाव वेस्ट व्हर्जिनियातलं पण त्यांचं बोवेन फील्ड सीमेपलीकडे व्हर्जिनियात आहे, म्हणजे होम मॅच खेळायला टीम दुसऱ्या राज्यात जायची.) आता २०१९ च्या शेवटच्या प्रोफेशनल सीझनची नावं बघा, ब्लूफिल्ड ब्लू जेज, किंग्सपोर्ट मेट्स, जॉन्सन सिटी कार्डिनल्स, प्रिन्स्टन रेज, पुलास्की यँकीज, डॅनव्हिल ब्रेव्हज, बर्लिंग्टन रॉयल्स. दहाच्या दहा टीम्सच्या छातीवर दुसऱ्या शहराच्या टीमचं नाव. मग २०२० ला अचानक काय हिसकावून घेतलं म्हणता?

हे झालं कसं, तर फार्म सिस्टिममुळे. सेंट लुईस कार्डिनल्सचा ब्रँच रिकी हा हुशार माणूस, त्याने १९२० च्या आसपास डोकं चालवलं की मोठ्या क्लबांशी बोली लावून खेळाडू विकत घेणं आपल्याला परवडत नाही, तर आपण छोट्या टीम्सच ताब्यात घेऊ आणि खेळाडू तिथेच पिकवू. आयडिया जबरदस्त चालली, इतकी की बाकी सगळ्यांनी कॉपी केली. त्या काळी बेसबॉलचा कमिशनर होता जज लँडिस, म्हणजे काही गरिबांचा कैवारी नव्हे, पण त्यालाही ही सिस्टिम आवडत नव्हती, कारण मोठा क्लब छोट्या गावांच्या लीगला आपल्या सोयीने वाकवणार हे त्याला दिसत होतं. १९३८ मध्ये त्याने कार्डिनल्सचे सत्तरहून जास्त खेळाडू कराराबाहेर काढून मोकळे केले. सिस्टिम मात्र राहिली. म्हणजे छोट्या गावाच्या टीमवर हुकूम कोणाचा हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी खुद्द बेसबॉलच्या सर्वोच्च माणसाने विचारला होता आणि हरला होता.

इथे समोरच्यांचा सगळ्यात भारी मुद्दा येतो आणि तो मी नाकारत नाही. ते म्हणतात, फार्म सिस्टिमनेच या गावांना वाचवलं. खरंय. १९४९ मध्ये अमेरिकेत ५९ मायनर लीग होत्या आणि वर्षाला ४ कोटींच्या आसपास लोक मॅच बघायला जायचे. मग घरात टीव्ही आला, एसी आला, गाडी आली, आणि संध्याकाळी लाकडी बाकावर घाम पुसत बसायची गरज उरली नाही. १९६३ पर्यंत लीग वीसच्या खाली आणि प्रेक्षक १ कोटीच्याही खाली. वेल्चची टीम १९५५ ला बंद झाली ती परत आलीच नाही, आणि येणार तरी कशी, ज्या मॅकडॉवेल काउंटीचं ते मुख्य गाव तिची लोकसंख्या १९५० ला ९८,८८७ होती आणि २०२० ला १९,१११. खाणीत मशीन आलं, माणूस गेला. त्या काळात मोठ्या क्लबांनी खेळाडू, कोच यांचा पगार उचलला म्हणून ॲपलाचियन लीग १९५७ ला उठून उभी राहिली. तो पैसा नसता तर ब्लूफिल्डची गोष्टही वेल्चसारखीच संपली असती, यात मला शंका नाही.

पण मदत घेतली म्हणजे सातबारा लिहून द्यायचा असतो का? आपल्याकडे शेत कसणाऱ्या कुळाचं जे होतं तेच या गावांचं होतं, राबायचं यांनी, पीक दुसऱ्याच्या कोठारात, आणि मालकाच्या मनात आलं की चला निघा. योगायोग बघा, १९५७ च्या १ एप्रिलला इकडे कुळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं, आणि त्याच वर्षी तिकडे ॲपलाचियन लीग परत सुरू झाली ती मुख्यतः मोठ्या क्लबांच्या पैशावर. गावाने काय घातलं याचा हिशोब मात्र एक्सेल शीटवाले कधी मांडत नाहीत. बहुतेक ठिकाणी स्टेडियम म्युनिसिपालिटीचं, गवत कापायचा खर्च गावाचा, लाइटचं बिल गावाचं, खेळाडूंना घरात ठेवून घेऊन जेवूखाऊ घालणारी कुटुंबं गावातली. एलिझाबेथटनमध्ये तर टीम चालवायची ती म्हणजे चक्क नगरपालिका. ही सगळी गुंतवणूक नाही तर काय आहे? क्लबने पगार दिला तर ती गुंतवणूक आणि गावाने मैदान दिलं तर ती हौस, हे कुठलं अकाउंटिंग?

आपल्याकडच्या वाचकाला फ्रँचायझी म्हटलं की आयपीएल आठवतं, तिथे टीमचा मालकच खेळाडू विकत घेतो. मायनर लीगमध्ये तसं नाही. गावातल्या टीमचा मालक तिकिटं विकतो, बिअर विकतो, पाऊस आला की ताडपत्री ओढायला माणसं लावतो, पण खेळाडू कोण, कोच कोण, कोणाला कधी वर पाठवायचं, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. ते सगळं वरच्या क्लबचं. आणि वरचा क्लब बदलतो. बाल्टिमोर ओरिओल्स १९५८ ते २०१० अशी ५३ वर्षं ब्लूफिल्डमध्ये होते, अख्ख्या मायनर लीगमध्ये एवढं लांबलेलं नातं क्वचित सापडेल. पुढे बाल्टिमोरचा मोठा स्टार झालेला कॅल रिपकेन तिथेच सुरू झाला १९७८ ला, पहिल्या सीझनमध्ये एकही होमरन नाही आणि शॉर्टस्टॉपच्या जागी फील्डिंग करताना तिसाच्या वर चुका. गावाने त्या पोराला सांभाळून घेतलं. मग २०१० नंतर बाल्टिमोरने खालच्या टीम्स कमी करायचं ठरवलं आणि ब्लूफिल्ड सोडलं, विषय संपला. टोरांटोवाले आले म्हणून टीम टिकली. तेव्हा कोणी अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, ठराव मांडले नाहीत, कोणी अश्रू ढाळले नाहीत. २०२० ला जे झालं ते तेच, फक्त घाऊक.

आता रडणाऱ्या गटाचा एक लाडका मुद्दा, की पुढचा कर्बी पकेट आता कुठून येणार. पकेट १९८२ ला एलिझाबेथटनला .३८२ च्या सरासरीने खेळला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, नोलन रायन १९६५ ला व्हर्जिनियातल्या मॅरियनमध्ये होता, मॅनी रामिरेझ १९९१ ला बर्लिंग्टनमध्ये. नावं मोठी आहेत पण युक्तिवाद फुसका आहे. हे तिघंही दुसऱ्या कुठल्या गावात असते तरी वर गेलेच असते. अगदी कच्च्या खेळाडूंसाठी फ्लोरिडा आणि ॲरिझोनात क्लबांच्या स्वतःच्या मैदानांवर रूकी लीग आजही चालते. आपला रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे, बेसबॉलचा पिचर), ज्याने २००८ च्या आधी बेसबॉल हातातही धरला नव्हता, तो २००९ मध्ये फ्लोरिडातल्या अशाच लीगमधून सुरू झाला. तिथे प्रेक्षक जवळपास नसतातच आणि क्लबांना त्याने काही फरक पडत नाही. म्हणजे खेळाडू घडवायला गाव लागत नाही, हे क्लबांचं म्हणणं बरोबर आहे. आणि ते बरोबर असल्यामुळेच मी म्हणतो की ‘आम्ही तुमचे स्टार घडवतो’ असं म्हणून गावांनी स्वतःची किंमत मागू नये, हरतील.

मग गावाकडे होतं काय? १३ मे १९५२ ची रात्र घ्या. ब्रिस्टलमध्ये वेल्चविरुद्ध मॅच, ब्रिस्टलचा पिचर रॉन नेच्चाय, वय १९, पोटात अल्सर. त्याने नऊ इनिंगमध्ये २७ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन-तीन स्ट्राइक टाकून बाद केले. नऊ इनिंगमध्ये एकूण आउटच २७ असतात, तर एक जण मध्ये ग्राउंडआउट (जमिनीवरून मारलेल्या बॉलवर बाद) झाला होता, मग हे गणित कसं जमलं? जमलं कारण नवव्या इनिंगमध्ये तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला, बॅटर पळत फर्स्ट बेसला पोचला, म्हणजे स्ट्राइकआउट मोजला गेला पण आउट नाही, आणि नेच्चायला त्या एका इनिंगमध्ये चार जणांना स्ट्राइकआउट करावं लागलं. एकही हिट नाही, ७-० ने मॅच खिशात. नऊ इनिंगच्या प्रोफेशनल मॅचमध्ये हे दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. नेच्चाय त्याच वर्षी पिट्सबर्गला गेला, तिथे एक जिंकला सहा हरला, मग हाताला दुखापत झाली आणि करिअर संपलं. पिट्सबर्गच्या वहीत तो फेल गेलेला प्रॉडक्ट. ब्रिस्टलच्या वहीत? तिथल्या हजार-बाराशे लोकांनी त्या रात्री जे बघितलं ते यँकी स्टेडियममध्ये आजपर्यंत कोणी बघितलेलं नाही. क्लबला हवा असतो उद्याचा खेळाडू, गावाला हवी असते आजची मॅच. हे दोन वेगळे धंदे एकाच मैदानात चालत होते आणि करार मात्र फक्त पहिल्या धंद्याचा झालेला होता.

पगाराच्या मुद्द्यावर तर माझं डोकंच फिरतं. कपातीच्या बाजूने सगळ्यात जास्त वेळा हेच सांगितलं गेलं, की टीम्स कमी केल्याशिवाय उरलेल्या पोरांना नीट पगार देता येणार नाही. पगार भिकार होते हे शंभर टक्के खरं. या लेव्हलला आठवड्याला २९० डॉलर, तेही फक्त सीझन चालू असेपर्यंत. पण जरा हिशोब करा. पस्तीस पोरं, अकरा आठवडे, २९० डॉलर, म्हणजे १ लाख १२ हजार डॉलरच्या आत अख्ख्या टीमचा अख्खा उन्हाळा. २०१९ मध्ये मेजर लीगमधल्या अगदी नवख्या खेळाडूचा किमान पगार होता ५ लाख ५५ हजार. म्हणजे बेंचवर बसणाऱ्या एका माणसाच्या पगारात ब्लूफिल्डसारख्या पाच टीम्स जवळपास बसल्या असत्या, पगार दुप्पट केले तरी दोन बसल्या असत्या. आणि ही इंडस्ट्री वर्षाला १० अब्ज डॉलरच्या वर कमावणारी. पगार कमी होते ते गावं गरीब होती म्हणून नाही हो, पगार गाव देतच नव्हतं! २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका जाडजूड खर्च विधेयकात गुपचूप एक तुकडा घुसवला गेला, त्याने मायनर लीगच्या पोरांना किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या कायद्यातून जवळजवळ बाहेर काढलं, आणि त्याच्यासाठी लॉबिंग कोणी केलं तर याच मेजर लीगने. मायनर लीगच्या टीम मालकांनीही तेव्हा पाठिंबा दिला, हेही लिहून ठेवतो, ते काही धुतल्या तांदळाचे नव्हते. दोन वर्षांनी तीच मेजर लीग त्याच पोरांच्या पगाराचं कारण देऊन त्यांच्याच टीम्स बंद करायला निघाली.

पुढे पगार वाढले, हे मान्य. पण वाढले कशाने ते बघा. २०१४ पासून कोर्टात चालू असलेला खेळाडूंचा दावा २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरवर मिटला, त्याच वर्षी पोरांनी युनियन केली आणि २०२३ मध्ये पहिला सामूहिक करार झाला. मग पगार दुप्पट-तिप्पट झाले. म्हणजे कोर्ट आणि युनियनने जे केलं त्याचं श्रेय पुलास्कीची टीम बंद करण्याला द्यायचं? आणि ॲपलाचियन लीगचं काय केलं, तर २०२१ पासून ती कॉलेजच्या पोरांची उन्हाळी लीग केली, तिथे खेळाडूंना पगार शून्य. पगार वाढवायच्या नावाखाली निघालेली गाडी २९० वरून शून्यावर येऊन थांबली. त्याच दर्जाच्या पायोनियर लीगने, मोंटाना, आयडाहो, युटा वगैरे भागातली, वेगळा रस्ता घेतला, स्वतंत्र लीग म्हणून उभी राहिली आणि ती तिच्या खेळाडूंना स्वतः पगार देते. थोडा का होईना पण देते.

मैदानं खराब होती हाही एक मुद्दा, आणि काही ठिकाणी होतीच. पण पुलास्कीला जाऊन विचारा. तिथलं कॅल्फी पार्क १९३५ चं, मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं. २०१५ च्या सुमाराला स्थानिक उद्योजकांनी ते हातात घेतलं, लाखो डॉलर घालून नीट केलं, आणि लीगमधली सगळ्यात जास्त गर्दी तिथे व्हायला लागली. म्हणजे सांगितलं ते सगळं केलं, खेळपट्टी, ड्रेसिंग रूम, प्रेक्षक. तरी शेवटी टीम गेलीच. परीक्षेत पास झालेल्यालाही नापास करायचं असेल तर परीक्षा कशासाठी घेतली?

आता राहिला तो मुद्दा ज्याला उत्तर द्यायला मला खरंच जास्त विचार करावा लागला. लोक म्हणतात, मॅचेस तर अजून चालूच आहेत ना? जॉन्सन सिटी डोबॉइज, ब्रिस्टल स्टेट लायनर्स, बर्लिंग्टन सॉक पपेट्स, अशी गमतीदार नावं आली, पोरं येतात, लोक तिकीट काढतात, बिअर पितात, सामान्य प्रेक्षकाला कळतही नाही की बॅटर प्रोफेशनल आहे की कॉलेजचा. आणि जॉर्जियातल्या सव्हानाचं उदाहरण देतात. तिथली मायनर लीग टीम २०१५ नंतर निघून गेली कारण शहराने नवीन स्टेडियम बांधून द्यायला नकार दिला, आणि त्याच जुन्या ग्रेसन स्टेडियममध्ये २०१६ ला कॉलेजच्या पोरांची सव्हाना बनानाज ही टीम आली, आज तिची तिकिटं मिळत नाहीत. मग रडायचं कशाला?

उदाहरण बरोबर, निष्कर्ष उलटा. बनानाजवाल्यांनी नियम बदलले, नाचगाणी आणली, मॅचला दोन तासांची मर्यादा घातली, आणि २०२२ नंतर तर ती कॉलेज लीगच सोडून स्वतःचा स्वतंत्र शो केला. हे सगळं करता आलं कारण टीम त्यांची होती, ‘नको’ म्हणणारा वर कोणी बसला नव्हता. ॲपलाचियन लीगच्या नव्या रूपात मात्र धागा परत मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल (अमेरिकेतल्या हौशी बेसबॉलची संस्था) यांच्याच हातात. नाव गावरान झालं, किल्ली होती तिथेच राहिली. इंग्लंडमध्ये २०१९ च्या ऑगस्टमध्ये बरी एफसी हा १८८५ चा, दोनदा एफए कप जिंकलेला फुटबॉल क्लब कर्जापायी लीगमधून हाकलला गेला, तेही वाईटच झालं. पण तिथल्या लोकांनी मैदान परत मिळवलं आणि २०२३ मध्ये तिथल्या लीगच्या शिडीवर नवव्या पायरीवरून परत सुरुवात केली, आणि नियमाप्रमाणे जिंकत गेले तर वरच्या पायऱ्या त्यांना मोकळ्या आहेत. एलिझाबेथटनने पुढची वीस वर्षं सगळ्या मॅच जिंकल्या तरी ते एकही पायरी वर चढू शकत नाहीत, कारण अमेरिकेत शिडीच दुसऱ्याच्या मालकीची आहे. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली ती आजही बऱ्याच अंशी शाबूत आहे. कपातीत गेलेल्या चार टीम्सच्या मालकांनी त्या सुटीलाच आव्हान दिलं, प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या दारात पोचलं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मेजर लीगने बाहेरच्या बाहेर तडजोड करून मिटवलं. ज्याला स्वतःच्या केसची खात्री असते तो असा घाईघाईने मिटवतो का?

उरलेल्या १२० टीम्सचे परवाने दहा वर्षांचे आहेत, म्हणजे २०३० ला परत हाच खेळ होणार, आणि तयारी आत्तापासून चालू आहे. नवीन नियमांप्रमाणे ड्रेसिंग रूम एवढी हवी, लाइट असे हवेत, बॅटिंग केज हवी, आणि खर्च बहुतेक ठिकाणी शहराच्या माथी. माझ्या मते शहरांनी पैसे द्यावेत की नाही हा दुय्यम प्रश्न आहे, द्यायचेच असतील तर बदल्यात टीमचा हिस्सा मागावा. हे काही स्वप्नरंजन नाही, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये १९५७ पासून मायनर लीगची टीम हजारो स्थानिक शेअरहोल्डरांच्या मालकीची आहे आणि ती आजही चालू आहे. हिस्सा नसेल तर निदान करारात लिहून घ्यावं की परवाना गेला तर स्टेडियमवर खर्च केलेले पैसे कोण परत करणार. २०२४ च्या मे महिन्यात ओरेगनमधल्या युजीन शहरात तिथल्या मायनर लीग टीमच्या, एमराल्ड्सच्या, नव्या स्टेडियमसाठी १ कोटी ५० लाख डॉलरचे रोखे काढायचे का यावर मतदान झालं आणि लोकांनी नाही म्हटलं. लगेच ओरड झाली की युजीनला बेसबॉलची कदर नाही. त्या मतपत्रिकेवर बांधायचा खर्च होता, टीममधला एक टक्का हिस्साही नव्हता.